हेडर घेताना चमक पाहू नका, पत्रा पाहा

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक थान उघडून रंग पाहते. व्यापारी मात्र थानाची उलटी बाजू पाहतो, किनार चोळतो, दोन धागे उपसून सुताचा काउंट अजमावतो आणि मगच भाव बोलतो. ही सवय ज्याला नाही त्याने या धंद्यात उतरू नये, असे आमचे वडीलधारे सांगत. मोटारीच्या सुट्या भागांच्या धंद्यातही तेच खरे आहे, हे मला उशिरा आणि थोडे महाग पडून कळले.

माझा भाचा पुण्यात मोटारींचे गॅरेज चालवतो. २०२१ साली, लॉकडाऊन उठल्यावर काम पुन्हा सुरू करण्यासाठी मी त्याला ऐंशी हजार रुपये कर्ज-ए-हसना म्हणून दिले. त्यातले सत्त्याहत्तर हजार त्याने एकाच व्यवहारात गुंतवले. एका घाऊक व्यापाऱ्याकडून त्याने स्टेनलेस स्टीलचे सात हेडर घेतले, नग अकरा हजारांना. माल आरशासारखा चमकत होता. व्यापारी म्हणाला, "३०४ ग्रेड आहे, डोळे मिटून विका." भाच्याने डोळे मिटले. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्या प्रकरणानंतर मी गॅरेजमध्ये बसून, उस्ताद कारीगरांना विचारून जे शिकलो, ते आपल्या समाजातील मेकॅनिक, वेल्डर व सुट्या भागांच्या दुकानदार बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

हेडर म्हणजे काय?

इंजिनात पेट्रोल जळाल्यावर जो वायू तयार होतो तो बाहेर नेण्यासाठी इंजिनाच्या हेडला एक ओतीव लोखंडी भाग लावलेला असतो. त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. कंपनी तो बिडाचा ओतते, कारण बीड स्वस्त, टिकाऊ आणि आवाज दाबणारे असते. पण ओतीव मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरचा वायू फार लवकर एकत्र येतो आणि एकमेकाच्या वाटेत येतो. ईदची नमाज संपल्यावर ईदगाहच्या एकाच दरवाजाकडे चार बाजूंनी माणसे लोटली तर जे होते, तेच.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते. या नळ्या शक्य तितक्या समान लांबीच्या ठेवून पुढे कलेक्टरमध्ये एकत्र केलेल्या असतात. एका नळीतून वेगाने गेलेला वायू आपल्या मागे ओढ निर्माण करतो आणि पुढच्या सिलिंडरचा वायू त्या ओढीने लवकर बाहेर पडतो. सिलिंडर स्वच्छ रिकामा झाला की ताजे मिश्रण जास्त भरते. हेडरचा सगळा फायदा एवढ्यातच आहे. त्यात जादू काही नाही.

उदाहरणासाठी १९९८ साली भारतात आलेली पहिली होंडा सिटी घेऊ. तिचे व्हीटेक मॉडेल २००३ पर्यंत विकले गेले. १५०० सीसीचे इंजिन, १०६ अश्वशक्ती. आज या गाड्या वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, तरी शौकीन मंडळी त्या जपून ठेवतात आणि हेडरसाठी गॅरेजमध्ये येणाऱ्यांत ही गाडी असतेच. भाच्याने घेतलेले सातही हेडर याच गाडीचे होते.

आधी हे विचारा : हेडर हवाच का?

गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न हा विचारावा. शंभर अश्वशक्तीच्या साध्या इंजिनाला चांगला हेडर लावला तर बहुतेक वेळा पाचएक अश्वशक्तीचा फरक पडतो, तोही वरच्या आरपीएमला. याउलट वीस वर्षांच्या गाडीत टॅपेटचे अंतर बिघडलेले, प्लग झिजलेले, एअर फिल्टर भरलेला आणि एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरलेले असेल, तर हेडर जेवढी ताकद देणार त्याहून जास्त ताकद गाडीने आधीच गमावलेली असते. ती साध्या सर्व्हिसिंगमध्ये परत मिळते. म्हणून आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. एक सिलिंडर इतरांपेक्षा बराच खाली असेल तर हेडर विकू नका, इंजिनाचे काम सांगा. त्यात तुमचीही मजुरी आहे आणि गिऱ्हाईकाचाही फायदा.

"हेडर लावल्याने ॲव्हरेज वाढते" असे कोणी सांगत असेल तर त्यावर भरवसा ठेवू नये. ज्याला ताकद हवी म्हणून हेडर लावायचा आहे तो गाडी हळू चालवणार नाही. दुसरे म्हणजे ज्याला फक्त आवाज हवा आहे त्याला हेडर देऊच नये. आवाजाच्या धंद्याचा शेवट पोलीस चौकीत होतो, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

चार-एक की चार-दोन-एक?

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिल्यात चारही नळ्या एकदम एका कलेक्टरमध्ये मिळतात. याला चार-एक म्हणतात. दुसऱ्यात चारच्या दोन आणि दोनची एक अशी नळी होते. ती चार-दोन-एक. चार-एकचा फायदा वरच्या आरपीएमला जास्त, म्हणून तो शर्यतीच्या गाडीला शोभतो. चार-दोन-एकचा फायदा मधल्या आरपीएमलाही मिळतो. शहरात आणि घाटात चालणाऱ्या गाडीला हाच योग्य.

पण चार-दोन-एक घेताना एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत, सिटीतही, फायरिंगचा क्रम १-३-४-२ असतो. म्हणून १ आणि ४ यांची जोडी, तसेच २ आणि ३ यांची जोडी लागली पाहिजे. तेव्हाच दोन धक्क्यांमधले अंतर समान राहते आणि ते एकमेकाला अडवत नाहीत. काही कारखानदार वाकवण्याचे काम सोपे व्हावे म्हणून शेजारच्या नळ्या जोडून टाकतात, १ ला २ आणि ३ ला ४. दिसायला हेडर तसाच दिसतो, पण काम निम्मेसुद्धा करत नाही. नळीवर बोट ठेवून ती कुठे जाते ते पाहा. याला एक मिनिट लागते आणि पैसा लागत नाही.

नळी जाड घेतली की ताकद जास्त, हाही गैरसमज आहे. नळी गरजेपेक्षा मोठी झाली तर वायूचा वेग कमी होतो, ओढ तुटते आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी चालते. १५०० सीसीच्या साध्या इंजिनाला ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाची नळी सहसा पुरते. इंजिनात कॅमशाफ्ट वगैरे काम केलेले नसेल तर त्यापेक्षा मोठ्या नळीच्या मागे लागू नये.

पत्र्याचा काउंट

येथे माझ्या धंद्याचे ज्ञान कामी आले. सुताचा काउंट जसा वाढतो तसा धागा बारीक होतो. वीसचे सूत जाड आणि चाळीसचे बारीक. पत्र्याच्या गेजचेही तसेच आहे. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर आणि १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. आकडा मोठा तर पत्रा पातळ. नवशिका गिऱ्हाईक "१८ गेज" ऐकून खूश होते आणि विकणारा गप्प बसतो.

रोजच्या वापराच्या गाडीला १६ गेज घ्यावा. तो किती आहे ते ओळखायचे कसे? कापडाचे वजन आपण जीएसएमवर पाहतो, तसे नळीचे वजन मीटरवर पाहावे. नळीच्या बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, आलेल्या आकड्याला जाडीने गुणा आणि मग ०.०२४९ ने गुणा. व्यास व जाडी मिलिमीटरमध्ये धरली की उत्तर किलो प्रति मीटर येते. हा हिशेब स्टेनलेसचा आहे. ३८ मिलिमीटरची नळी १.६ जाडीची असेल तर मीटरला १.४५ किलो भरते, १.२ जाडीची असेल तर १.१० किलो. एका हेडरला तीन मीटर नळी धरली तर दोहोंत किलोभराचा फरक पडतो. एकाच मापाचे दोन हेडर तराजूवर ठेवले की कोणी पत्रा खाल्ला ते लगेच कळते.

धातूची ओळख

हेडर मुख्यतः तीन धातूंत मिळतो. पहिला माइल्ड स्टील, म्हणजे साधे लोखंड. स्वस्त, वाकवायला व जोडायला सोपा, पण गंजतो. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. दुसरा ४०९ ग्रेडचे स्टेनलेस. त्यात क्रोमियम साधारण ११ टक्के असते. वरून तांबूस गंज धरतो, पण आत खात नाही. जगभरात मोटार कंपन्या एक्झॉस्टसाठी हाच धातू मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिसरा ३०४ ग्रेड. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. चमक टिकते, गंज जवळपास नाही, पण भाव चढा.

आता फसवणुकीची जागा. बाजारात २०२ ग्रेडचे स्टेनलेस सर्वत्र मिळते. जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या त्याच्याच असतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते. पॉलिश केल्यावर ३०४ आणि २०२ यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. पुष्कळ दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात आणि म्हणतात, "पाहा, चिकटत नाही, म्हणजे ३०४." ही परीक्षा खोटी आहे. चुंबक २०२ लाही चिकटत नाही. उलट ४०९ ला चिकटतो, आणि ४०९ हा एक्झॉस्टसाठी २०२ पेक्षा चांगला आहे. म्हणजे चुंबकाच्या भरवशावर राहिलेला माणूस चांगला माल टाकून वाईट माल उचलतो.

खरी परीक्षा म्हणजे थेंबाची. ग्रेड तपासण्याचे द्रव व त्यासोबत लहान बॅटरी बाजारात मिळते. धातू घासून त्यावर थेंब टाकायचा आणि बॅटरी लावायची. २०२ वर थेंब काही सेकंदांत लाल होतो, ३०४ वर तसा होत नाही. याहून पक्के हवे असेल तर नळीच्या मूळ कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे. नळीवर ग्रेड छापलेली असते. आख्खी नळी समोर कापून घेतली तर तीही दिसते.

३०४ मध्येही एक खोड आहे. तो तापल्यावर जास्त फुगतो. गाडी जोरात चालताना एक्झॉस्टचा वायू सातआठशे अंशांपर्यंत जातो. नळी पाचशे अंशांनी तापली तर अर्धा मीटर साधे लोखंड तीनएक मिलिमीटर लांबते, ३०४ चार मिलिमीटरच्या वर लांबते. हेडर दोन्ही टोकांना जखडून बसवला तर ही वाढ जायची कुठे? ती वेल्डिंगच्या जोडावर येते आणि जोड तडकतो. म्हणून ३०४ चा हेडर असेल तर कलेक्टरच्या पुढे लवचीक जोड हवाच, आणि खालून आधाराची पट्टीही हवी.

कारीगरी पाहा

धातू चांगला पण काम वाईट, असे झाले तरी पैसे बुडाले. चार जागा तपासा.

पहिली, वळण. नळी वाकवताना ती आतून चेपली तर वायूची वाट अरुंद होते. चांगले वळण गोलच राहते. त्यासाठी नळीच्या आत मँड्रेल घालून वाकवणारे यंत्र लागते. ज्याच्याकडे यंत्र नाही तो जुना कारीगर नळीत वाळू ठासून, गरम करून वाकवतो. हे काम उत्तम होते, पण वाळू भट्टीवर भाजून पूर्ण कोरडी केलेली हवी. ओल्या वाळूची वाफ होऊन नळी फुटू शकते आणि जिवावर बेतते.

दुसरी, फ्लँज. इंजिनाला टेकणारी ही पट्टी आठ ते दहा मिलिमीटर जाड हवी. पातळ फ्लँज तापून वाकते आणि गॅस्केट उडते. तिच्यावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहा. खालून उजेड दिसला तर ती सपाट नाही.

तिसरी, वेल्डिंग. स्टेनलेसला आर्गन वेल्डिंगच हवे. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल ची तार, आणि स्टेनलेसला साधे लोखंड जोडायचे असेल तर ३०९एल ची तार वापरतात. नळीच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो. नाहीतर जोडाच्या आतल्या अंगाला काळी, साखरेच्या दाण्यांसारखी खरखर तयार होते आणि पुढे तडा तिथूनच जातो. बोट आत घालून पाहा. बाहेरून सुंदर आणि आतून खरखरीत जोड म्हणजे भरजरी साडीला कच्चा टाका.

चौथी, पोर्टचे तोंड. गॅस्केट फ्लँजवर ठेवून भोके जुळतात का ते पाहा. नळीची कड भोकात पुढे आलेली असेल तर वायू तिथेच आपटतो.

हिशेब कसा करावा

स्वस्त म्हणजे कमी भावाचे नव्हे. खर्चाला वर्षांनी भागल्यावर जे कमी पडते ते स्वस्त. समजा, साध्या लोखंडाचा हेडर आठ हजारांना आहे आणि तो दोन वर्षे टिकतो. ३०४ चा, इथेच बनलेला, अठरा हजारांना आहे आणि आठ वर्षे टिकतो. परदेशी साठ हजारांना आहे आणि दहा वर्षे टिकतो. बसवण्याची मजुरी व गॅस्केट मिळून दर वेळी अडीच हजार धरा. हे आकडे फक्त हिशेब समजावण्यासाठी आहेत, आपापल्या बाजारचे भाव घालून पाहावेत.

लोखंडी हेडर वर्षाला सव्वापाच हजारांना पडला. देशी ३०४ वर्षाला अडीच हजारांच्या थोडा वर. परदेशी सव्वासहा हजारांना. म्हणजे भावाने मधला असलेला हेडर सर्वांत स्वस्त निघाला. पण गिऱ्हाईक वर्षभरात गाडी विकणार असेल तर हाच हिशेब उलटतो. तेव्हा त्याला लोखंडी हेडरच सांगावा आणि उष्णतारोधक रंग मारून द्यावा. लोखंडी नळीवर कापडी पट्टी गुंडाळू नका. ती उष्णता धरते तशी पावसाळ्यात ओलही धरते आणि नळी आतल्या आत गंजते.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीचे काश्मिरी गेट येथे जुने, गाडीतून काढलेले परदेशी हेडरही मिळतात. जुन्या मालात मुख्य धोका तड्याचा आणि वाकलेल्या फ्लँजचा. कलेक्टरजवळचे जोड तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय पैसे काढू नका.

बिल पक्के घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. कर वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेणाऱ्याची कराची वजावटही जाते आणि माल खोटा निघाला तर दाद मागण्याची सोयही राहत नाही. बिलावर फक्त "स्टेनलेस हेडर" नको, ग्रेड आणि जाडी लिहून घ्या.

बसवताना

हेडर चांगला असून बसवणे वाईट झाले तर दोष हेडरला लागतो. सिटीसारख्या गाडीत एक्झॉस्ट रेडिएटरच्या बाजूला असतो. हेडरची नळी पातळ, त्यामुळे तिची धग जास्त. जवळून जाणारी वायर, रबरी नळी आणि पंख्याची मोटर यांच्यासाठी पत्र्याची आड हवी. कंपनीचे जुने हीट शील्ड फेकू नका, कापून बसवता येते.

हेडरची सर्वांत खालची जागा जमिनीपासून किती आहे ते मोजा. चार-दोन-एकचा कलेक्टर पुष्कळदा ऑइल चेंबरच्याही खाली लटकतो. आपल्याकडचे गतिरोधक त्याला सोडत नाहीत. चार माणसे बसवून मोजा, रिकाम्या गाडीचे माप कामाचे नाही.

ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याची जागा कंपनीने ठेवली होती तेवढ्याच अंतरावर ठेवण्याचा प्रयत्न करा. सेन्सरच्या आधी कुठे बारीक गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, संगणकाला मिश्रण पातळ वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. मग गिऱ्हाईक ॲव्हरेज पडल्याची तक्रार घेऊन येते आणि मेकॅनिक इंजेक्टर खोलत बसतो. दोष असतो गॅस्केटमध्ये.

नट मधून सुरू करून दोन्ही बाजूंना, थोडे थोडे आवळत जा. गाडी थंड असताना सुरू करा, एकाने जाड कापडाने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबून धरावे आणि दुसऱ्याने जोडांजवळ कान द्यावा. फसफस ऐकू आली तर जोड पुन्हा बसवा. पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून नट तपासा. ही फेरी फुकट ठेवा, हेच गिऱ्हाईक पुढे दहा जणांना पाठवते.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये आवाज व धुराच्या गुन्ह्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने रद्द होण्याची तरतूद आहे. कित्येक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील. त्यात पैसा गिऱ्हाईकाचा गेला, पण गॅरेजचे नावही गेले.

नव्या गाड्यांत अनेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. हेडर लावायचा म्हणजे तोच काढायचा. अशा गाडीचे रस्त्यावर वापरण्यासाठी काम घेऊ नका. ज्या गाडीत तो पुढे, वेगळा आहे तिथे तो जागेवर ठेवूनच हेडर बसवा आणि पीयूसी काढून गाडी ताब्यात द्या. पंधरा वर्षांवरील गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओसमोर जातेच, तेव्हा अडचण नको.

आणखी एक गोष्ट लिहिताना लाज वाटते, पण लिहिली पाहिजे. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात आणि भंगारवाले त्याला चांगला भाव देतात. "हा काढून टाका, गाडी मोकळी होईल" असे सांगून तो स्वतःकडे ठेवणारे काही जण आहेत. ही चोरी आहे. काढलेला प्रत्येक भाग, अगदी जुना बिडाचा मॅनिफोल्डसुद्धा, गिऱ्हाईकाची अमानत आहे. तो पिशवीत बांधून त्याच्या हातात द्यावा. उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाली तर त्याला तो लागणार आहे.

त्या सात हेडरचे काय झाले

भाच्याने तीन हेडर बसवून एकोणीस हजारांप्रमाणे विकले. चार महिन्यांनी पावसाळ्यात पहिली गाडी परत आली. जोड तडकलेला आणि नळीवर तपकिरी डाग. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या वयस्क वेल्डरचाचांनी नळी घासून थेंब टाकला. थेंब लाल झाला. उरलेले चारही तपासले, सगळे २०२. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी कधी लिहून दिले?" खरेच होते. बिल कच्चे होते.

त्या रात्री भाच्याने मला फोन केला. म्हणाला, "मामू, एकाचेच कळले आहे. बाकी दोघांना काही माहीत नाही. उरलेले चार मी २०२ म्हणूनही विकू शकतो, पण मग पहिले तिघे विचारतील. गप्प राहू का?" त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, भीती होती. घरभाडे, दोन पोरांची फी आणि माझे कर्ज, तिन्ही त्याच्या डोळ्यांसमोर होते.

मी त्याला बाजारातला तो प्रसंग आठवून दिला जो आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैगंबर मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले, ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पाऊस पडल्याचे सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. धान्य भिजणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता, ते खाली लपवणे हा होता. मी म्हणालो, "बेटा, पाऊस तुझ्यावरही पडला. ओल लपवू नकोस, एवढेच तुझ्या हातात आहे. माझ्या पैशांची घाई नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने तिघांनाही बोलावून खरे सांगितले. एकजण खूप चिडला आणि पूर्ण पैसे घेऊन गेला. त्याच्या गाडीला भाच्याने त्याचाच जुना मॅनिफोल्ड परत बसवून दिला. तो जपून ठेवला होता म्हणूनच हे जमले. दुसऱ्याने सात हजार परत घेतले आणि तोच हेडर ठेवला. तिसरा म्हणाला, "मला खरा बनवून द्या, मी थांबतो." चाचांनी त्याच्या गाडीवरून माप घेऊन लोखंडी साचा बनवला आणि सर्टिफिकेटची ३०४ नळी आणून हेडर तयार केला. मालाचे नऊ हजार गेले, मजुरी घेतली नाही. उरलेले चार आणि परत आलेले दोन असे सहा हेडर भंगारात गेले, पावतीवर २०२ असे लिहून. सगळा हिशेब केला तर पंचावन्न हजारांच्या आसपास नुकसान. भंगाराचे आले ते किरकोळ.

पण चाचांचा साचा राहिला. आज त्याच साच्यावर गॅरेजमध्ये या गाडीचे हेडर बनतात, महिन्याला एखाददुसरा. धंदा मोठा नाही. माझे ऐंशी हजार भाच्याने सव्वादोन वर्षांत थोडे थोडे करून फेडले. जो चिडून गेला तो परत आला नाही. परत आला असता तर गोष्ट जास्त गोड झाली असती, पण नाही आला.

आता भाचा प्रत्येक हेडरसोबत एक चिठ्ठी देतो. तिच्यावर पाच ओळी असतात : धातूची ग्रेड, पत्र्याची जाडी, नळीचा व्यास, हेडरचे वजन आणि किती महिन्यांची जबाबदारी. खाली सही. थेंबाची बाटली टेबलावरच असते, गिऱ्हाईकाने स्वतः टाकून पाहावी. बंधूंनो, तुम्ही हेडर विका, सायलेन्सर विका की लुंगीचे थान विका, अशी चिठ्ठी द्यायची सवय लावून घ्या. आणि माल घेताना समोरच्याकडून तीच मागा. जो लिहून द्यायला तयार नाही, त्याचा माल कितीही चमकत असला तरी तिथेच ठेवून उठा.